गाडीआधी घोडी

कोल्हापूर भागातल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ३८. ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्यांचं काम ते बारा वर्षं करताहेत, अलीकडे यूपीव्हीसीच्याही (कडक प्लॅस्टिकच्या चौकटींच्या) ऑर्डरी घेतात. शिरोलीजवळ भाड्याचा गाळा, हाताखाली चार मुलं. माल साइटवर न्यायला आजवर भाड्याचा टेम्पो. गेल्या उन्हाळ्यात दोनदा काच फुटली. एकदा टेम्पोवाला तीन तास उशिरा आला आणि बंगल्याच्या मालकानं चारचौघांत सुनावलं. "स्वतःची गाडी असती तर ही वेळ आली नसती," असं ते लिहितात. मेहुण्याला आपला चौदा फुटी ट्रक विकायचा आहे आणि 'घरातला माणूस' म्हणून तो कमीत द्यायला तयार आहे. एकोणीस वर्षांचा भाचा अमेरिकेतल्या खिडकीवाल्यांचे व्हिडिओ दाखवून म्हणतो, "मामा, पिकअप घे आणि मागं ट्रेलर लाव, सगळं दुकानच साइटवर." घरातला हिशेब पत्नी बघतात. त्यांचा या सगळ्यालाच विरोध आहे, त्यातही भावाच्या ट्रकला जास्त. टेम्पोला फेरीमागं सरासरी अठराशे रुपये जातात, महिन्याला सात-आठ फेऱ्या होतात. नव्या पिकअपचा हप्ता साडेएकवीस हजार सांगितला आहे. प्रश्न असा : ट्रक, पिकअप की ट्रेलर? आणि जी घेऊ ती आतून तयार कशी करायची?

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना हसू आलं, रागावू नका. मी कराडात एकवीस वर्षं हाच धंदा केला आणि पहिली गाडी घेतली ती अशाच एका सुनावणीनंतर. गिऱ्हाईक बोललं, मी रात्रभर तळमळलो आणि आठवड्यात टेम्पो दारात उभा केला. महिनाभरातच त्या टेम्पोत आठ काचा फुटल्या. गाडी माझी, ड्रायव्हर माझा, गावाबाहेरचा गतिरोधक तेवढा सरकारी. काचा आडव्या टाकल्या होत्या, खाली गोणपाट, वरून काथ्याची दोरी. टेम्पो भाड्याचा असो की स्वतःचा, काचेला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं, हे मला तेव्हा कळलं.

म्हणून पहिला प्रश्न मीच तुम्हाला विचारतो. त्या दोन काचा फुटल्या तेव्हा त्या हौद्यात कशा होत्या? पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही. टेम्पोवाल्याबद्दल मात्र पाऊण पान आहे. माझा अंदाज सांगतो : काचा उभ्या होत्या, पण हौद्याच्या फळीला टेकवलेल्या, मध्ये पुठ्ठा, आणि मागं दोन मुलं बसून हातानं धरून होती. आपल्याकडे निम्मा माल असाच जातो. हा अंदाज खरा असेल तर काच फुटली हे तुमचं नशीब समजा. ती सटकून मुलाच्या मांडीवर आली असती तर आज पत्र वेगळं असतं. मागच्या हौद्यात माणूस बसवून काच धरायला लावणं आजपासून बंद करा. गाडी घ्या, न घ्या, पण हे बंद.

आता वजनाचं बोलू. सगळा निर्णय त्यावर उभा आहे आणि आपल्या धंद्यात ते कुणी मोजत नाही. काचेचं गणित सोपं आहे : एक मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर काचेचं वजन अडीच किलो. म्हणजे ५ मिमीची काच चौरस मीटरला साडेबारा किलो, चौरस फुटाला सव्वा किलोच्या थोडं आत. तुमच्या नेहमीच्या बंगल्याला पाच बाय चारच्या दहा खिडक्या धरा. दोनशे चौरस फूट काच, वजन साधारण २३२ किलो. डबल ग्लास लावली तर ४६५. हॉलचा मोठा सरकता दरवाजा असेल तर त्याचं चार बाय सातचं, ८ मिमी टफनचं (तापवून मजबूत केलेल्या काचेचं) एक पान बावन्न किलोचं. चौकटी आणि शटरं, म्हणजे काच बसते ती सरकती पानं, हलकी असतात, जागा खातात पण वजन फार नाही. अवजारांची पेटी, शिडी, आणखी शंभर किलो.

बेरीज केली तर नेहमीचं तुमचं काम सहाशे किलोंच्या आत बसतं. छोटा हाथी साधारण साडेसातशे किलो उचलतो, त्याचा हौदा आतून सव्वासात फूट लांब आणि पाच फुटांना जरा कमी रुंद असतो. मेहुण्याचा चौदा फुटी ट्रक तीन टनांच्या वर उचलतो. तुमच्या धंद्यात तो बहुतेक फेऱ्यांना पाऊण रिकामा पळेल. रिकामा ट्रक भरलेल्या ट्रकपेक्षा जास्त आदळतो, कारण त्याचे पाटे मोठ्या वजनासाठी असतात. वर दोनशे किलो काच ठेवून तुम्ही तो गावातल्या रस्त्यावर नेलात तर काच नाचतच जाईल. लोकांना वाटतं मोठी गाडी म्हणजे माल सुरक्षित. काचेच्या बाबतीत हे बऱ्याचदा उलटं असतं.

ट्रकाला नाही म्हणण्याचं दुसरं कारण तुमच्या पत्नीनं आधीच सांगितलंय, तुम्ही ते ऐकलं नाहीत. पत्रात तुमचंच वाक्य आहे : "तिला स्वतःच्या भावावर विश्वास नाही." मला तसं वाटत नाही. इंजिनाचं काम निघालं, कागद अडकले, पैसे द्यायला उशीर झाला तर तुमचा एक व्यवहार बिघडेल, त्यांचं माहेर बिघडेल. ही जोखीम त्या घ्यायला तयार नाहीत, इतकंच. मेहुण्याला सांगायला खरं कारण हाताशी आहे, खोटं सांगायची गरज नाही. "माझा माल सहाशे किलोचा, तुझा ट्रक तीन टनांचा. घेतला तर तुझ्या ट्रकाचा अपमान होईल." शिवाय आठ वर्षांपुढच्या गाडीला दरवर्षी पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, करावं लागतं. त्यानं ट्रक बाजारात विकला तर त्याला पैसेही जास्त मिळतील, हेही बोलून टाका. तेही खरंच आहे.

आता भाचा आणि ट्रेलर. मुलाचा उत्साह मोडू नका, त्यानं बघितलेलं चुकीचं नाही. अमेरिकेत खिडक्या बसवणारे बंद ट्रेलर बाळगतात : आत एका भिंतीला तिरके रॅक, दुसऱ्या भिंतीला कप्पे, पुढच्या बाजूला करवतीचं टेबल. पण तिथं तो ट्रेलर गिऱ्हाइकाच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत आठ दिवस उभा राहतो आणि पिकअप संध्याकाळी मोकळी घरी जाते. ट्रेलरचा खरा फायदा तोच. आपल्याकडे राजारामपुरीतल्या गल्लीत किंवा मंगळवार पेठेतल्या बोळात तो सोडायचा कुठं? आणि वळवायचा कसा? मागं ट्रेलर असलेली गाडी रिव्हर्स घेणं ही स्वतंत्र विद्या आहे. ट्रॅक्टरवाल्यांना ती असते, तुम्हाआम्हाला नसते.

त्यात ट्रेलरचा एक स्वभाव व्हिडिओत दिसत नाही. त्यातलं वजन असं लावावं लागतं की एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढं, गाडीला जोडलेल्या हुकावर यावा. त्याहून कमी आला की वेगात ट्रेलर शेपूट हलवायला लागतो आणि मग पुढच्या गाडीलाही खेचतो. तुम्ही पहिल्या साइटवर पुढच्या रॅकवरची काच उतरवली, मागची तशीच ठेवली आणि दुसऱ्या साइटला निघालात की तोल गेलाच. आपल्या कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र वाहन धरलं जातं, त्याची वेगळी नोंदणी लागते. वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला आणि मागं अडकवला, असं चालत नाही. ट्रेलर मी यादीतून काढून टाकतो.

भाच्याला आणखी एक गोष्ट सांगावी लागेल, जरा हळू सांगा. "गाडी भाचाच चालवेल, ड्रायव्हरचा पगार वाचेल," असं तुम्ही गृहीत धरलंय. वीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मालवाहू गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. लायसन अठराव्या वर्षी मिळतं ते आपल्या घरच्या गाडीसाठी. तो एकोणीसचा आहे. एक वर्ष थांबावंच लागेल. तुमच्याकडे कारचं लायसन असेल तर तुम्हाला मात्र वेगळं काढायची गरज नाही. साडेसात हजार किलो एकूण वजनापर्यंतची मालवाहू गाडी त्याच लायसनवर चालते, सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये हे पक्कं केलं आहे. पण मग गाडी तुम्ही चालवणार आणि मापं कोण घेणार? सकाळी नवं गिऱ्हाईक गाळ्यावर आलं तर बोलणार कोण? स्वतः चालवली म्हणजे ड्रायव्हर फुकट, हा हिशेब मीही अनेक वर्षं केला. त्या काळात माझी किती कोटेशनं वेळेवर गेली नाहीत ते मोजलं असतं तर ड्रायव्हर स्वस्त पडला असता.

तुमच्या आकड्यांवर येऊ. आठ फेऱ्या, अठराशे रुपये, महिन्याला १४,४००. हप्ता २१,५००. त्यावर डिझेल, विमा, टायर, पासिंग आणि बहुधा ड्रायव्हर. म्हणजे भाड्यावर चौदा हजार जातात म्हणून तुम्ही तीस-पस्तीस हजारांची सोय करायला निघालात, आणि ती गाडी महिन्यातले वीस-बावीस दिवस गाळ्यासमोर उभी राहणार. पत्नी हिशेब बघतात हे मला पत्रात न लिहिताही कळलं असतं.

दारात आपल्या नावाची गाडी उभी असावी असं वाटणं यात कमीपणा नाही, बरं का. गिऱ्हाईक गाडीवरचं नाव वाचून विश्वास ठेवतं, मुलांना आपण एका 'कंपनीत' आहोत असं वाटतं. ही किंमत मी शून्य धरत नाही. फक्त महिन्याला पंधरा-वीस हजारांएवढी धरत नाही.

मग करायचं काय? गाडी तीन महिने पुढं ढकला आणि आधी घोडी बनवा. काच उभी तिरकी टेकवायचं स्टँड म्हणतोय मी, तुमच्याकडे त्याला काय म्हणत असतील ते म्हणा. हौद्यात ठेवता येईल, उचलून काढता येईल आणि भाड्याच्या कोणत्याही टेम्पोत बसेल अशी. गाडी घेतलीत तरी हीच घोडी तिच्यात जाईल, त्यामुळे यावरचा पैसा कुठंच वाया जात नाही.

घोडीवर जरा थांबतो, कारण तुमचा खरा प्रश्न इथंच आहे. बाजूनं बघितलं तर इंग्रजी ए अक्षरासारखी, दोन्ही अंगांना काच टेकेल अशी. ४० बाय ४० मिमीचा, दोन मिमी जाडीचा लोखंडी चौकोनी पाइप पुरतो. मीटरला सव्वादोन-अडीच किलो भरतो, पूर्ण घोडी साठ-सत्तर किलोत होते आणि चार जण उचलतात. ॲल्युमिनियमच्या उरलेल्या सेक्शनची (चौकटीच्या पोकळ पट्ट्यांची) करायचा मोह तुम्हाला होईल. करू नका, रिव्हेट आणि स्क्रू हिंदकळून ढिले होतात. लांबी सहा फूट, उंची पाच फूट. माथ्यावर चार इंच रुंदी आणि पाच फूट खाली येईतो प्रत्येक अंगानं सहा इंच बाहेर, एवढाच उतार. जास्त तिरकी केली तर काचेचं वजन पाठीवर येतं आणि मधल्या भागात ती वाकते. कमी केली तर वळणावर बाहेर कलायला बघते.

चुकतं ते काच जिच्यावर उभी राहते त्या खालच्या पट्टीत. दहातल्या नऊ जणांची खालची पट्टी सपाट असते. पाठ तिरकी आणि बूड सपाट असलं की काचेची फक्त एक कड टेकते, पाच मिलिमीटरच्या काचेची एक धार. सगळं वजन त्या धारेवर, आणि तिच्याखाली वाळूचा एक खडा आला की संपलं. पट्टीलाही पाठीएवढाच उतार हवा, म्हणजे काच तिच्यावर काटकोनात बसते. पट्टी आठ इंच रुंद ठेवा, तिच्यावर लाकूड, लाकडावर जाड रबर, सलग. तुकडे तुकडे नकोत. पाठीला लाकडी पट्ट्या आणि त्यावर जुनी सतरंजी किंवा रबर. पुढच्या टोकाला, कॅबिनच्या बाजूला, रबर लावलेला उभा अडसर. काच लांबीच्या दिशेनं उभी असते आणि ब्रेक मारला की ती तिकडेच धावते. कुठंही बोल्टचं डोकं वर आलेलं नको. बनवून झाली की डोळे मिटून हात फिरवा, बोटाला काही लागलं तर काचेलाही लागणार.

भरताना मोठी काच आत, लहान बाहेर. दोन काचांच्या मध्ये बुचाच्या छोट्या चकत्या किंवा फोमचे तुकडे, चार कोपऱ्यांना आणि मध्ये. वर्तमानपत्र कोरड्या दिवसांत चालतं, पावसात नको. भिजलेला कागद दोन काचांत अडकला आणि तसाच चार दिवस राहिला की पांढरे डाग पडतात आणि ते घासूनही जात नाहीत. आपल्याकडे जूनपासून हवा कशी असते ते मी तुम्हाला सांगायला नको. ताडपत्री टाकाच, पण साइटवर पोचल्यावर काचा ओल्या असतील तर थप्पी तशी ठेवू नका, सुट्या करून पुसा.

बांधायचं काथ्यानं नाही. रॅचेटचे, म्हणजे खटक्यानं आवळायचे पट्टे घ्या, चार पुरतात. पट्टा थेट काचेवर नको : बाहेरून रबर लावलेली उभी लाकडी पट्टी ठेवा आणि पट्टा तिच्यावरून. रॅचेट करकचून आवळलं तरी काच तडकते. हातानं हलवून बघा, हलत नाही इतकं बस. घोडी हौद्याच्या हुकांना वेगळ्या दोन पट्ट्यांनी. काचेचे पट्टे आणि घोडीचे पट्टे कधी एक करू नका.

उतरवताना माणूस जखमी होतो, चढवताना क्वचित. दोन्ही अंगांनी आळीपाळीनं उतरवा. एका बाजूची सगळी काच काढली आणि दुसरीकडे दीडशे किलो राहिली तर घोडी हौद्यात कलते, सुटी असेल तर पडते. गाडी उतारावर उभी असताना पट्टे सोडायचे नाहीत. आणि पट्टा सोडणारा सोडून दुसरं कुणी काचेसमोर उभं राहणार नाही. मुलांना हे एकदा सांगून भागत नाही. घोडीवरच रंगानं लिहा.

पुष्कळांची काच रस्त्यात फुटत नाही, ती चुकीच्या दिवशी साइटवर गेल्यानं फुटते, हेही सांगून टाकतो. चौकटी बसवायच्या दिवशीच काच नेली, प्लंबरची फोडाफोड चालू आहे, गवंड्यानं काचेला टेकवून फावडं ठेवलं. चौकटीची फेरी वेगळी, काच-शटरची वेगळी, असं ठेवा. फेऱ्या वाढतील असं वाटतं, पण तुमच्या आजच्या आठ फेऱ्यांत विसरलेल्या वस्तूंसाठीच्या किती आहेत ते आधी बघा.

त्यासाठी दुसरी वस्तू, पेटी. अमेरिकेतल्या ट्रेलरमधून चोरण्यासारखं हेच आहे : तिथं प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते आणि जागा रिकामी असली की लांबून दिसते. आपण पत्र्याच्या दोन पेट्यांत ते करू शकतो. एक अवजारांची : ड्रिल, बिट, रबरी हातोडा, लेव्हल, गुण्या, काच उचलायचे सक्शन, हातमोजे. झाकणाच्या आतून यादी चिकटवा. दुसरी संपणाऱ्या वस्तूंची : स्क्रू, फास्टनर, रबर, बेअरिंग, लॉक, सिलिकॉन. सिलिकॉनच्या रिकाम्या नळ्या साइटवर फेकायच्या नाहीत, पेटीत परत आणायच्या. संध्याकाळी जितक्या रिकाम्या तितक्या नव्या भरायच्या, कुणाच्या आठवणीवर विसंबायला नको. मला ही युक्ती माझ्या एका जुन्या फिटरनं शिकवली, आणि दुपारी दोन वाजता 'सिलिकॉन संपलं' हा फोन यायचा बंद झाला. काम चार दिवसांचं असेल तर पेट्या कुलूप लावून साइटवरच्या खोलीत ठेवा. झाला तुमचा ट्रेलर.

उन्हाळ्यात मात्र सिलिकॉन आणि फटी भरायच्या पीयू फोमचे डबे बंद कॅबिनमध्ये सोडू नका. फोमच्या डब्यावर पन्नास अंशांची मर्यादा लिहिलेली असते. मे महिन्यात काचा बंद करून उन्हात उभी केलेली कॅबिन तिथवर सहज पोचते.

लांब मालाचं काय? ॲल्युमिनियमचे बार बारा आणि सोळा फुटी, यूपीव्हीसीचे एकोणीस-वीस फुटी. ते कधीच स्वतःच्या छोट्या गाडीतून आणू नका, डीलरच्या गाडीनं गाळ्यावर येऊ द्या. कापून, जोडून झालेली चौकटच बाहेर जाईल. सात फुटी हौद्यातून बारा फुटी सेक्शन मागं लाल फडकं बांधून नेणं आपल्याकडे सर्रास चालतं, पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर हद्दीबाहेर आलेल्या मालाला वीस हजारांचा दंड आहे, वर तो माल तिथंच उतरवून घ्यायचा खर्च आपला. एका चलनात तुमच्या अकरा फेऱ्या जातात.

टेम्पोच्या वेळेचं दुखणं उरलं. रोज नवा टेम्पो शोधू नका. एकाच माणसाशी महिन्याचं बोला : ठरलेल्या दिवशी सकाळी साडेसातला, थांबला तर तासाला अमुक, फेऱ्या कमी भरल्या तरी महिन्याला किमान इतके पैसे नक्की. किमान पैसे मिळणार म्हटल्यावर तो तुम्हाला सोडून पहाटे भाजीच्या फेरीला जात नाही. तुमची घोडी चढवायला-उतरवायला त्याची गाडी ओळखीची होते. उशिराचा प्रश्न मी गाडी घेऊन सोडवायला गेलो होतो, खरं तर तो दीड-दोन हजार रुपयांच्या खात्रीनं सुटला असता.

या तीन महिन्यांत एक वही ठेवा. तारीख, गाव, भाडं, किती तास थांबलो, फेरी कशासाठी (चौकट, काच, की विसरलेलं), काय फुटलं. वही पत्नीकडे द्या, तुम्ही लिहायला गेलात तर आठव्या दिवशी बंद पडेल. तीन महिन्यांनी कामाच्या फेऱ्या महिन्याला पंधराच्या आसपास दिसल्या, किंवा आंबा घाट उतरून साखरपा-रत्नागिरीकडची कामं वाढली आणि एका फेरीचं भाडंच पाच-सहा हजार व्हायला लागलं, तर गाडी घ्या. तेव्हा पत्नीही नाही म्हणणार नाहीत, कारण आकडे त्यांच्याच हातचे असतील.

ती गाडी जुनी घ्या, नऊ फुटी पिकअप, तीन-चार वर्षांची. कोकणातली कामं असतील तर छोट्या हाथीपेक्षा हीच बरी, घाटात भरल्या गाडीला दम लागत नाही. गाडीचं एकूण वजन तीन हजार किलोंपर्यंत असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही, त्यापुढं लागतं. काही पिकअप या रेषेच्या अलीकडे आहेत, काही पलीकडे, म्हणून आरसीवरचा आकडा बघूनच बोला. बँकेचा बोजा उतरलाय का, थकलेली चलनं किती, पासिंग कधीपर्यंत, हे परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून दिसतं. नवी घेणार असाल आणि जीएसटीची नियमित नोंदणी असेल तर मालवाहू गाडीवरच्या कराचं क्रेडिट मिळतं, कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांच्या ठोक कराच्या योजनेत) असाल तर नाही. हौद्यावर पत्र्याची बंद बॉडी चढवायची असेल तर आरटीओत आधी विचारा. आरसीवर जे लिहिलंय त्यात परवानगीशिवाय बदल केला तर अपघाताच्या वेळी विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळतं. म्हणूनही मी सुटी घोडी म्हणतो. आणि गाडीच्या विम्यात आतली काच धरलेली नसते, मालाचा वेगळा काढावा लागतो. डबल ग्लासची मोठी ऑर्डर असेल तेव्हा तेवढ्यापुरता काढा.

ज्या दिवशी गाडी बघायला जाल त्या दिवशी खिशात मेजर टेप ठेवा. हौदा आतून मोजा, चाकांवरचे उंचवटे सोडून सपाट किती उरतो ते मोजा, फाळका पूर्ण खाली पडतो का ते बघा. निघण्याआधी शिरोलीच्या गाळ्यासमोरचा बोळही मोजून ठेवा, समोरच्याच्या पायऱ्या धरून. भाच्याला बरोबर न्या. टेपचं दुसरं टोक धरायला कुणी तरी लागेलच, आणि वर्षभरानं ती गाडी त्यालाच चालवायची आहे.